खिळा ठोकू का?

रविवारी दुपारी जरा आडवा झालो होतो. आठवड्याचा शीण अंगात मुरलेला. तेवढ्यात नागपूरच्या भाडेकरू ताईंचा व्हिडिओ कॉल आला. मुंबईत घर घेणं झेपेना, म्हणून तिकडे फ्लॅट घेतला आणि भाड्याने दिला. वास्तुशांतीनंतर तिथे पाऊल ठेवलेलं नाही. माझं घर मी बघतो ते असं, फोनमध्ये.

"भाऊ, हॉलमध्ये एक खिळा ठोकू का? सासऱ्यांचा फोटो लावायचा होता," ताई संकोचून म्हणाल्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर बाल्कनीतलं ऊन पसरलं होतं. त्या भिंतीवर दुपारी ऊन येतं, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.

माणसाला आपलं माणूस डोळ्यांसमोर ठेवायला भिंतीवर वीतभर जागा लागते. ती मागताना आवाज मात्र असा खाली येतो.

"ठोका की, त्यात विचारायचं काय!" म्हटलं आणि फोन ठेवला.

आमच्या इथल्या घरमालकांना भिंतीत खिळा चालत नाही. वास्तुशांतीच्या फोटोत आम्ही दोघं नव्या घराच्या दारात हसत उभे आहोत. तो फोटो इथे जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवलाय. बायको केर काढताना तो उचलते आणि पुसून पुन्हा तिथेच ठेवते.