‘द्यायचं’चा ढीग

आमच्या समोरच्या दारातल्या बाईंना सगळी इमारत ‘सिस्टर’ म्हणते, कारण त्या मोठ्या रुग्णालयात नर्स आहेत. त्यांच्या सासूबाईही तसंच म्हणतात. एकदा तर चारचौघांत त्यांच्या यजमानांच्या तोंडून “सिस्टर, चहा” असं निघून गेलं. तेव्हापासून ते चारचौघांत चहा मागत नाहीत.

यजमान घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढी स्प्रिंग त्यांना सापडते. फ्रिजमधलं दही मात्र सापडत नाही.

सुट्ट्या संपल्या आणि त्यांच्याकडचे नऊ पाहुणे सोळा दिवसांनी एकदाचे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिस्टरांचं गाळणं परत करायला गेले, तर ओट्याचा दगडच दिसत नव्हता. बिस्किटांचे सात पुडे उघडे, प्रत्येकात दोन-दोन सादळलेली बिस्किटं. तीन अर्धी लिंबं तीन वाट्यांखाली झाकलेली. डबे नऊ, झाकणं चौदा, आणि तरी एकही झाकण एकाही डब्याला बसेना.

“बाई, हे गाळणं मी आता ठेवू कुठे?” सिस्टर म्हणाल्या. “संध्याकाळपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी सातला त्यांची ड्यूटी होती. पण खरी धास्ती होती ती आज पाचची. पाचला त्यांची थोरली नणंद आपलं जाड बुडाचं पातेलं न्यायला येणार होती. मागच्या सुट्टीत याच पातेल्याचं झाकण या घरात गडप झालं होतं. झाकणाची मूठ तुटली म्हणून नणंदेच्या यजमानांनी ड्रॉवरचा लाकडी गोळा बसवला होता त्याला. त्या झाकणावरून वर्षभर टोमणे चालले होते. कालही फोनवर या नणंदबाई, म्हणजे ताई, म्हणाल्या होत्या, “मागच्या खेपेला झाकण गेलं. या खेपेला पातेलं जाऊ दे, म्हणजे जोडी जमेल.”

“मी सांगितलंय त्यांना,” सिस्टर मला म्हणाल्या, “पाचच्या ठोक्याला घासूनपुसून तुमच्या हातात देते म्हणून. आज ते पातेलं दिलं नाही तर मला या घरात तोंड वर करून बोलता यायचं नाही.”

मग दर सुट्टीनंतर आणतात तशी त्यांनी वॉर्डातली शिस्त घरी आणली. जमिनीवर तीन कागद चिकटवले: ‘ठेवायचं’, ‘टाकायचं’, ‘द्यायचं’. ज्याच्या त्याच्या कागदापाशी ढीग लावायचा. सासूबाई खुर्ची घेऊन ‘टाकायचं’च्या शेजारी बसल्या आणि एकेक वस्तू उचलून ‘ठेवायचं’कडे सरकवू लागल्या.

“आई, ती बाटली गळते.”

“असू दे. पालथी ठेवली तर कुठे गळते?”

साडेतीनला मी पुन्हा गाळणं घेऊन गेले. ओटा चकचकीत झाला होता. सिस्टर फ्रिजमध्ये डोकं घालून खालचा कप्पा पुसत होत्या. डोकं बाहेर काढून त्यांनी जमिनीकडे पाहिलं. तिसऱ्या कागदापाशी काहीच नव्हतं.

“अहो, इथलं कुठे गेलं?”

“दिलं,” यजमान म्हणाले. “तू कचरा खाली न्यायला सांगितलास, म्हटलं तेही उरकून टाकू.”

“दिलं? कुणाला?”

“वॉचमनच्या बायकोला. खूश झाली.”

सिस्टर तिथेच खाली बसल्या. “अहो, ते ज्याचं त्याला परत द्यायचं होतं. मावशींचा थर्मास, खालच्यांची किसणी, ताईंचं पातेलं.”

“मग ‘परत’ लिहायचं होतंस. नुसतं ‘द्यायचं’ म्हटल्यावर माणसाने काय समजायचं? बाई, तुम्हीच सांगा.”

दोघंही माझ्याकडे बघू लागले. मी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं. वाक्यात संप्रदान नाही, म्हणजे कुणाला द्यायचं ते नाही, एवढंच मला सांगता आलं असतं. मी गाळणं या हातातून त्या हातात घेतलं.

आम्ही तिघं खाली गेलो. वॉचमनची खोली फाटकाला लागून आहे. थर्मास आणि किसणी फळीवर मांडून झाली होती. पातेलं शेगडीवर होतं, आणि त्यात वाटाणे शिजत होते.

“या सिस्टर. बूड काय जाड आहे हो याचं. मी लगेच वापरायलाच काढलं.”

रोज पन्नास माणसांना सुई टोचणाऱ्या बाईला एवढं एक वाक्य टोचवेना. शेवटी त्या म्हणाल्या, “आमची चूक झाली गं. हे सगळं लोकांचं आहे. पातेलं माझ्या नणंदेचं. त्या पाचला येतायत.”

वॉचमनच्या बायकोचा चेहरा क्षणभर पडला. “न्या की मग,” ती म्हणाली. “वाटाणे तेवढे शिजू देत. अर्धे कच्चे आहेत.”

सिस्टरांनी यजमानांना वर पिटाळून आपलं स्वतःचं मोठं पातेलं तिच्यासाठी आणायला लावलं, आणि आम्ही वाटाणे शिजायची वाट बघत बसलो. यजमान पातेलं घेऊन उतरले, आणि त्यांच्या मागोमाग फाटकातून ताई आल्या. पाचला दहा कमी होते.

“अगं, इथे काय करतेस? माझं पातेलं कुठंय?”

“शिजतंय,” सिस्टर म्हणाल्या.

ताई आत आल्या. शेगडीकडे बघत उभ्या राहिल्या. बघत होत्या ते पातेल्याकडे नव्हे. वर झाकण होतं, आणि त्याला ड्रॉवरचा लाकडी गोळा होता.

“हे झाकण कुठून आलं?”

“हे होय?” वॉचमनची बायको म्हणाली. “हेही साहेबांनीच दिलेलं, गेल्या सुट्टीनंतर. इतके दिवस कशालाच बसेना. आज बघा, कसं चपखल बसलंय.”

यजमान हातातल्या पातेल्याच्या बुडाचं निरीक्षण करू लागले.

“वर्षभर मी हिला बोलले,” ताई भावाला म्हणाल्या. “आणि तू ऐकत बसलास?”

“त्या वेळीही कागदावर ‘द्यायचं’च होतं,” ते पुटपुटले.

ताईंनी सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. “चल वर. जरा चहा टाक.”

“चहा हे करतील,” सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढे केला. “बाई, द्या ते गाळणं. आता ठेवायला जागा आहे.”

मी गाळणं त्यांच्याच हातात दिलं. यजमान मध्येच उभे होते, पण मी ते त्यांच्याकडे दिलं नाही.