वेइतोचं मुसळ खांद्यावर

नव्या वर्षाची गोड वडी चुलीवर अर्धी उकडली होती. चिकट तांदळाचं पीठ, त्यात काळा गूळ आणि परातीएवढी गोल बांबूची टोपली. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून स्यूहूनने झाकणाच्या कडेने ओल्या फडक्याची चुंबळ बसवली होती. ही वडी चुलीवर असताना घरात वाईट शब्द काढायचा नाही. 'झाली का?' असंसुद्धा विचारायचं नाही, नाहीतर ती रुसते आणि मधोमध कच्ची राहते. म्हणून तिची मोठी जाऊ आबुआन धापा टाकत आली ती उंबऱ्यावरच थबकली, तोंडावर हात ठेवला, आणि मग तोंडभर हसून म्हणाली, "स्यूहून, देवळात समृद्धी आली आहे."

"येऊ दे की."

"बरीच आली आहे. ओसरीत मावत नाही."

"जाऊबाई, नीट सांगा."

"नीटच सांगते आहे. केस उतरवलेली, करड्या झग्यांतली समृद्धी. बारा-चौदा असेल. सध्या पाय धुते आहे. तीन दिवस राहणार म्हणते." आबुआनने चुलीकडे भीतभीत पाहिलं. "आणि हे सगळं फार फार मंगल आहे, कारण वेइतोबाबांनी या वर्षी मुसळ खांद्यावर घेतलं आहे."

स्यूहूनच्या हातातला चिमटा गळून पडला. वडीला ऐकू जाऊ नये म्हणून ती नुसती "अगं बाई, किती छान" एवढंच म्हणाली, आणि चुलीत सावकाश जळणारं लाकूड सरकवून देवळाकडे पळाली.

खाडीकाठच्या त्या गावात, जिथे घरांच्या भिंतींतसुद्धा कालवांचे शिंपले चिणलेले आहेत, स्यूहूनला सगळे 'देव ओळखणारी' म्हणत. एरवी ती चारचौघींसारखीच. नवरा तेकसिंग कालवांच्या कामात चिखलाने माखलेला, ही पहाटे तीन उदबत्त्या लावून दिवसाला हात घालणारी, अमावास्या-पौर्णिमेला घरात मासळी शिजू न देणारी. पण तिचं माहेर डोंगरापलीकडे, एका मोठ्या देवळाच्या भिंतीला भिंत लावून. आई तिला काखोटीला मारून दालनांतून हिंडवी आणि सांगे, "पोरी, तोंडाकडे बघू नकोस. मूर्तिकार एकच, तोंडं सगळी सारखी. आधी डोक्यावर बघ, मग हातात बघ, मग बुडाखाली बघ." बुडाखाली सिंह तर मंजुश्री, हत्ती तर समंतभद्र. मुकुटात इवलासा बुद्ध बसलेला तर ती क्वानयिन, मग तिच्या हातात कुंडी असो, फांदी असो नाहीतर काहीच नसो. कड्यांची काठी आणि मणी तर क्षितिगर्भ, नरकातला शेवटचा जीव सुटेपर्यंत थांबलेला. दाराशी चार दिशांचे चार राजे, त्यांत हातात छत्री तर उत्तरेचा, वीणा तर पूर्वेचा. जवान, गोरा, अंगात चिलखत तर वेइतो, देवळाचा राखणदार. लाल तोंड आणि पोटापर्यंत दाढी तर सेनापती क्वान. तोही राखणदारच. या दोघांची अदलाबदल करणाऱ्या बाईला देव माफ करतात, जाऊ करत नाही.

म्हणूनच गावातल्या क्वानयिनच्या लहानशा देवळात देवांना आंघोळ घालायचा मान स्यूहूनकडे होता. बाराव्या महिन्याच्या चोविसाव्या दिवशी सगळे देव वर्षभराच्या गोष्टी सांगायला वर जातात आणि नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी परततात. मधल्या काळात मूर्ती रिकाम्या. मालक परगावी गेल्यावर घर सारवून घ्यावं, तशा त्या धुऊन घ्यायच्या. देऊळ सांभाळणाऱ्या जिनमावशी, लग्न न करता, केस न उतरवता, आयुष्यभर भाजीपाल्यावर राहिलेल्या, त्या ओला फडका ज्या बाईच्या हाती देतील तिनेच देवाला हात लावायचा. आबुआनचा त्या फडक्यावर कितीतरी वर्षांपासून डोळा होता.

या वर्षीचं न्हाणं थाटात झालं होतं. पपनसाची पानं घालून उकळलेल्या पाण्यात तलवार, कमळ, कुंडी, काठी सगळं एकाच घंगाळात पडलेलं. सेनापती क्वानची दाढी खऱ्या केसांची, ती धुऊन दोरीवर वाळत घातलेली. आबुआन मुद्दाम एकेक वस्तू उचलून विचारी, "ही कोणाची?" आणि स्यूहून न बघताच उत्तर देई. दाढीसुद्धा बरोबर तोंडाला लागली. शेवटी वेइतो. त्याची मूर्ती जुन्या घडणीची, कोपरांना खुंट्या असलेली, हात काढून धुता येणारी. स्यूहूनने हात बसवले, मुसळ दिलं, लाल शेला बांधला, आणि आबुआनला एकही चूक सापडली नाही.

चूक 'कोण' यात नव्हतीच. वेइतोच्या बाबतीत 'कसा' हेही बघायचं असतं. मुसळ खांद्यावर असेल तर त्याचा अर्थ, मोठं देऊळ आहे, फिरस्त्यांनो, तीन दिवस राहा, जेवा. दोन्ही हातांवर आडवं असेल तर एक रात्र टेका. आणि टोक खाली टेकवलेलं असेल तर पाणी प्या, आशीर्वाद घ्या आणि पुढे व्हा. गावातला वेइतो पिढ्यान्‌पिढ्या टोक टेकवून उभा. स्यूहूनच्या माहेरचा मात्र खांद्यावर घेऊन. त्या दिवशी तिच्या हाताला माहेर आठवलं, दुसरं काही नाही.

ती देवळात पोचली तेव्हा मागच्या अंगणात करड्या झग्यांची रांग पाय धूत बसली होती. उत्तरेकडच्या भिक्षुणी होत्या, क्वानयिनच्या बेटाकडे पायी निघालेल्या. त्यांची बोली जिनमावशींना निम्मी कळे, स्यूहूनला त्याहून निम्मी. पण बोलण्याची गरजच पडली नव्हती. पुढे होती ती धिप्पाड, हसऱ्या डोळ्यांची मिंगझेन. तिने दारातून वेइतोकडे पाहिलं, हात जोडले आणि खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं.

जिनमावशी कोठीच्या दारात उभ्या होत्या. "तांदूळ माझ्यापुरते आहेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "मुळे थोडे जास्त आहेत."

"मावशी, मी आत्ता खाली करते. कोणाचं लक्ष नाही."

"कर बाई. तुझाच हात आहे."

स्यूहून स्टुलावर चढली. वेइतोचा कोपर धरला, खुंटी फिरवणार, एवढ्यात मिंगझेन ओल्या पायांनी आत आली आणि मूर्तीसमोर पालथी पडून नमस्कार घालू लागली. स्यूहून वेइतोच्या काखेत हात घालून तशीच उभी. पहिला नमस्कार झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तिसऱ्यानंतर मिंगझेनने वर पाहिलं. स्यूहूनने कंबरेचा फडका काढला आणि देवाची काख पुसली.

"मी नाही करू शकत," ती खाली उतरून कोठीपाशी येऊन कुजबुजली. "तिने नमस्कार घातला. आता मुसळ उतरवलं तर वेइतोबाबा खोटे पडतील. वर बसले आहेत बिचारे, त्यांना यातलं काही ठाऊकसुद्धा नाही."

"मग त्यांचा शब्द तू पाळ," जिनमावशी म्हणाल्या. "तीन दिवस ही मंडळी पोटभर जेवून गेली, तर मी म्हणेन मूर्ती बरोबर बसली होती. अर्धपोटी गेली, तर पुढच्या वर्षी ओला फडका तुझ्या जावेच्या हाती."

खांबाआडून आबुआन म्हणाली, "मला काही घाई नाही हं."

स्यूहून घरी आली. वडी तयार होती, मधोमध बोट रुतवलं तरी कुठे कच्ची नाही, आरशासारखी चकचकीत. तिने ती टोपलीसकट उचलली. तेकसिंग नेमका तेव्हाच चिखलाचे पाय घेऊन दारात.

"कुठे निघाली आमची वडी?"

"देवळात."

"देव तर वर गेलेत ना?"

"देव गेले, पाहुणे आले."

तेकसिंगने मागे पाहिलं. मुळ्याची वडी, सुकवलेली अळंबी, सोयाच्या पनीरच्या चकत्या, सगळं टोपल्यांत भरून दाराशी लागलेलं. "स्यूहून," तो म्हणाला, "क्वानयिनला हजार हात आहेत म्हणतात. बरं झालं, तुला दोनच दिले. एका हाताने मुसळ उचललंस तर घर रिकामं झालं, हजार असते तर गाव गेलं असतं." एवढं बोलून त्याने कावड खांद्यावर घेतली आणि तिच्यापुढे चालू लागला.

वाटेत ज्याने त्याने कावड बघून विचारलं, आणि तेकसिंगने प्रत्येकाला थोडं तिखटमीठ लावून सांगितलं. दुपारपर्यंत देवळाच्या स्वयंपाकघरात शेंगदाणे, अळकुड्या, भोपळे, शेवया यांचा ढीग लागला. हसायला आलेल्या बायकाही रिकाम्या हाताने आल्या नाहीत. शेवटी आबुआनही आली, तळलेल्या अळकुडीच्या गोळ्यांचं पातेलं कंबरेवर घेऊन.

"तुम्हाला तर फडका हवा होता, जाऊबाई."

"हवाच आहे. पण पाहुण्यांनी आमच्या घराण्याला चिक्कू म्हणावं इतकाही नको."

दुसऱ्या दिवशी त्या स्वयंपाकघरात काय झालं हे गाव अजून सांगतं. उत्तरेच्या बायकांना चिकट वडीची सवय नाही. एक तरुण भिक्षुणी तोंड उघडायला जाई आणि दात सुटत नसत. मिंगझेन गव्हाच्या पिठाचे वाफवलेले पाव करायला बसली. शब्द जुळेनात म्हणून तिने हातांनी बोलायला सुरुवात केली. लाटणं उचलून खांद्यावर ठेवलं, छाती पुढे काढली.

"वेइतो," स्यूहून म्हणाली.

मिंगझेनचे डोळे चमकले. तिने सुपलं डोक्यावर धरलं.

"छत्रीवाला, उत्तरेचा राजा."

मग ती बाकावर पाय टाकून बसली, नाकासमोर हात सोंडेसारखा डोलवला. "समंतभद्र." लगेच दुसरीने पीठ झाडायची लांब केसांची झाडणी हनुवटीला लावली, तर सगळ्या बायका एकदम, "सेनापती क्वान." आबुआन इतका वेळ भोपळा चिरत गप्प होती. ती उठली, विळी बाजूला ठेवली, भोपळा वीणेसारखा उराशी धरून तारा छेडू लागली. पूर्वेच्या राजाची इतकी जाड मूर्ती कोणी पाहिली नव्हती. जिनमावशी, ज्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं, त्यांनी फांदी म्हणून एक कांद्याची पात उचलली, उलट्या वाटीशेजारी धरली आणि डोळे मिटून क्वानयिनसारख्या बसल्या. मग डोळे उघडून त्याच म्हणाल्या, "देवळात कांदा चालत नाही, ही पात कोणी आणली?" मग मात्र हसण्याला बांध राहिला नाही. पाव करपले. तेही खाल्ले.

तिसऱ्या दिवशी भिक्षुणी निघाल्या. आल्या त्यापेक्षा अंमळ गोल होऊन. अंथरुणं घडी करून, अंगण झाडून. मिंगझेनने स्यूहूनचा हात धरला आणि तिला वेइतोसमोर नेलं. आधी तिने खांद्यावरचं मुसळ दाखवलं. मग खाली वाकून मूर्तीच्या लाकडी चौथऱ्यावर बोट ठेवलं. तिथे एक गुळगुळीत खळगा होता, मुसळाचं टोक वर्षानुवर्षं टेकून पडलेला.

स्यूहूनचे कान तापले. बाई पहिल्या दिवसापासून जाणून होती.

मिंगझेन सावकाश, स्यूहूनला कळेल अशा शब्दांत बोलली. "खळगा म्हणाला, जा. मुसळ म्हणालं, राहा." तिने त्या दात चिकटणाऱ्या तरुण भिक्षुणीच्या पायांकडे बोट केलं, फोड वाळले होते, नव्या चिंध्या बांधल्या होत्या. "आमचे पाय मुसळाच्या बाजूचे होते, ताई."

नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी देव परतले. फटाके झाले, फळं मांडली, आणि जिनमावशींनी कौल लावायच्या चंद्रकोरीसारख्या दोन लाकडी फळ्या स्यूहूनच्या हाती दिल्या. "तूच विचार. तुझं आणि त्यांचं आहे."

स्यूहून गुडघ्यावर बसली. "बाबा, तुमच्यामागे तुमच्या नावाने मी पाहुणे ठेवले. मुसळ परत खाली टेकवू का?" फळ्या टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर, आणि डुलत राहिल्या. म्हणजे देव नुसता हसला.

"मग खांद्यावरच राहू दे?" पुन्हा दोन्ही सपाट, पुन्हा हसू. मागे तेकसिंग पुटपुटला, "वर सगळ्यांना सांगून आलेले दिसतात."

"हातांवर आडवं? एक रात्र?" एक फळी सपाट पडली, एक पालथी. होकार.

जिनमावशींनी कोनाड्यातून ओला फडका काढला, पिळला आणि स्यूहूनला दिला. "शब्द पाळलास, मूर्ती बरोबर बसली होती. आता हे नवं बसव." आबुआन पुढे झाली, आणि कोणी न सांगता तिने स्टूल धरलं.

"पण खुंटी फिरवताना माझ्याकडे बघ," ती म्हणाली, "माहेराकडे नको."

वेइतोने हात जोडले, मुसळ त्यांच्यावर आडवं झालं. स्यूहूनने खाली उतरून लांबून पाहिलं, डोक्यावर, हातात, पायाखाली, आणि मग एकदम म्हणाली, "एक रात्र म्हणजे पांघरुणं लागणार, मावशी. मागच्या वेळी त्या बिचाऱ्या पोत्यांवर झोपल्या."

आणि ती कापूस पिंजणाऱ्याकडे रजया सांगायला गेली.