उभे राहिलेले उंदीर

"तुमच्या त्या उंदरांचाच तळतळाट लागलाय माझ्या पोरीला," माझी सून वर्षा म्हणाली, तेव्हा आमच्या कात्रपच्या घरात भांडण चांगलंच तापलं होतं. माझ्या नातीचा, सईचा, कणा वाकायला लागलाय. डॉक्टरांनी वाढ थांबेपर्यंत पाठीला आवळायचा पट्टा सांगितलाय. वर्षाला पट्टा नको. कॅम्प दोन वस्तीतल्या बाबाकडून उतारा हवा.

"उंदरांना डोकं तरी असतं," मी म्हटलं.

कणा का वाकतो ते शोधणाऱ्या आनंदनगरच्या लॅबमध्ये मी प्राणी सांभाळले. शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी औषधांच्या खोक्यांवरून शिकले, कुणाच्या उपकाराने नाही. असल्या नोकरीत किस्से पिंजऱ्यातल्या भुशासारखे साचतात, कितीही झाडा, पदराला राहतातच.

टाकीत पट्टेरी मासे होते, बोटाच्या पेराएवढे. जातच तशी निवडलेली: लहानपणी सरळ पोहायचे, मग कुणी हात न लावता वाकायला लागायचे. नवीन मॅडमनी लॅबच्या मोठ्या सरांना विचारलं, "सर, यांना झालं काय?"

"वयात आले," सर म्हणाले.

मॅडमनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

चार पायांवर चालणाऱ्याला हे दुखणं सहसा होत नाही, माणूस उभा राहिला आणि फसला, असं सर म्हणायचे. म्हणून उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या उंच टांगायच्या. बिचारे मागच्या पायांवर उभे राहून प्यायचे. एकदा बाटल्या धुऊन आणल्या, तर सगळे उभे. रिकाम्या जागेकडे तोंड करून.

"काकू, हे कोणाची वाट बघतायत?" माझ्या हाताखालच्या कदमने विचारलं.

"तुझी. पाणी भर."

त्याने भरलं. ते प्यायले. खाली मात्र एकही बसला नाही.

सईचा एक्स-रे सरांना दाखवायला नेला, तेव्हा टेबलावर उंदरांचे मोठे केलेले एक्स-रे पसरले होते. मी काही बोलायच्या आत सरांनी सईचा उचलून उजेडात धरला. "वा, सुंदर वळलाय. कुठला पिंजरा?"

"कात्रप," मी म्हटलं. "दुसरा मजला."

हे सगळं वर्षाला मीच सांगितलेलं.

"तळतळाट लागायचा तर मला लागला असता," मी तिला म्हटलं. "बघ माझी पाठ. काठीसारखी आहे."

"म्हाताऱ्यांना नाही लागत, आई. वाढत्यालाच लागतो. तुमचे सरच म्हणाले ना?"

तेवढ्यात सई आतून पट्टा घेऊन आली, तो आईच्या हातात दिला आणि पाठ वळवून उभी राहिली.

"आवळ, मम्मी. आणि दोघी जरा गप्प बसा, म्हणजे तुम्हालाही ऐकू येईल, कणा अजून वळतोय ते."