कंसातली तारीख

नाव शाहिद, मुक्काम मारेगाव, व्यवसाय मोटारसायकल दुरुस्ती. अतिरिक्त पदभार: इंटरनेटवरच्या एका मराठी मुक्त ज्ञानकोशाचा प्रचालक. कार्यक्षेत्र: तारखा. तारीख कशी लिहावी यावरून संपादक भांडले, की उभयतांचे म्हणणे ऐकून चर्चापानावर निकाल देणे हे सदर इसमाचे कर्तव्य.

या कर्तव्यात सहसा रक्त नसतं. पण जवळच्या एका गावाच्या लेखात सदाशिवरावांच्या मृत्यूची नोंद होती. गावाला विहीर देऊन गेलेला हा माणूस एकाच दिवशी मेला, याबद्दल त्याच्या दोन नातवांचं पूर्ण एकमत होतं. अक्षय तो दिवस भाद्रपद वद्य पंचमी असा लिही, चुलतभाऊ कपिल ते पुसून सतरा सप्टेंबर करी. त्यामुळे पुण्यतिथ्या दोन आणि मांडवही दोन. गेल्या वर्षी एका मांडवाच्या बल्ल्या उपटून त्याच बल्ल्यांनी दुसऱ्या मांडवातली डोकी फोडली गेली, आणि अक्षयच्या बापाचा हात कोपरातून उलटा फिरवण्यात आला. यंदा ग्रामपंचायतीनं सांगितलं, नेटवर जी तारीख असेल त्याच दिवशी, एकच मांडव. त्या दिवसापासून लेखातली ती ओळ तासातासाला बदलू लागली, आणि गावात विळ्यांना धार लावून घ्यायला गर्दी झाली.

शाहिदनं पान कुलूपबंद केलं आणि दोघांना दुकानात बोलावलं. यंदा कोणाचं काही फुटू नये, एवढंच त्याला हवं होतं. दोन्ही तारखा लिहू, म्हणाला. एक बाहेर, दुसरी कंसात. बाहेर जी असेल ती मांडवाची. दोघंही लगेच कबूल झाले. मग कंसात कोणाची, यावर चहा गार झाला.

"पयले ज्यानं लिवली त्याची भाईर," शाहिद म्हणाला. "नियम हाय, भाऊ."

पहिली अक्षयची होती.

"म्हंजे माही कंसात?" कपिलनं विचारलं.

"राहू दे न बे," अक्षय म्हणाला. "सावलीत राहीन थे."

कपिलनं हाताशी पडलेला पाना त्याच्या तोंडावर हाणला. एक दात चहाच्या कपात पडला. अक्षयनं मोटारसायकलची जुनी चेन पंज्याला गुंडाळली आणि कपिलचा कान अर्धा खाली आणला. शाहिद मध्ये पडला. चेनचा पुढचा फटका त्याच्या चेहऱ्यावर बसला.

दोन्ही पुण्यतिथ्यांना दोन्ही नातू कोठडीत होते. मांडव उभा राहिला नाही, गावात कोणाचं डोकं फुटलं नाही. चर्चापानावर शेरा आहे: वाद सामोपचाराने मिटला, प्रचालकांचे आभार.

शाहिदला उजव्या डोळ्यानं दिसत नाही.