उजव्या हाताला ठेवून

"उजव्या हाताला ठेवा, म्हणजे झालं," बाई म्हणत. पाट मांडायचा असो, पाहुण्याला बसवायचं असो, आमच्या बाईंचा सल्ला हाच.

नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायचो आणि बाई गणित. शिक्षकांच्या खोलीत एकच मोठं टेबल. बाईंची खुर्ची दारातून उजवीकडे दोन पावलांवर. पण तसं गेलं तर टेबल डाव्या हाताला येतं. म्हणून बाई डावीकडून निघत आणि अख्ख्या टेबलाला वळसा घालून खुर्चीवर येत. वाटेत आम्ही चौघे मास्तर पाय आत घ्यायचो. टेबलावर देव नव्हता, शाईचे डाग होते. मी एकदा तसं बोललो. बाई म्हणाल्या, "सवय मोडली की देवळातही मोडते, सर."

बाई मूळच्या तापीकाठच्या प्रकाशा गावच्या. शेत तापीपलीकडे, त्यामुळे होडी त्यांना लहानपणापासून आमच्या बैलगाडीइतकी ओळखीची. पुढे त्या मुंबईला कॉलेजात शिकल्या. तिथल्या एका बोट क्लबाने मुलींच्या कॉलेजांसाठी शिडाच्या छोट्या होड्यांची शर्यत ठेवली, तेव्हा बाईंचं नाव आपसूक पुढे आलं. एका होडीत दोघी. इतर मुली गोल पातळात अडखळत होत्या, बाई नऊवारीचा कासोटा घट्ट मारून बसल्या होत्या.

समुद्रात एक तांबडं पिंप तरंगत ठेवलं होतं. त्याला वळसा घालून परत यायचं, आणि नियम असा की पिंप डाव्या हाताला ठेवायचं. बाई सगळ्यांच्या आधी पिंपापाशी पोचल्या आणि प्रदक्षिणा घालावी तशा त्याला उजवीकडे ठेवून वळल्या. पुढे बसलेली जोडीदारीण ओरडली, "अगं उलट! मागे फिर!" मागे फिरून चूक सुधारायला वेळ भरपूर होता. बाई फिरल्या नाहीत.

त्यांचे वडील, आबा, तेव्हा विषमज्वराने अंथरुणाला खिळले होते. दोनच दिवसांपूर्वी तार आली होती. उलटी फेरी कशाभोवती घालतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बाई एवढंच म्हणायच्या, "हात वळेचना."

बाई शर्यतीतून बाद झाल्या आणि कप दुसऱ्या होडीला गेला. जोडीदारणीने त्यानंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं. हे सांगताना बाई नेहमी हसत, पण जोडीदारणीपाशी आल्या की पदर नीट करत बसत.

आबा मात्र खडखडीत बरे झाले आणि शर्यतीची हकीकत कळल्यावर लेकीवर चिडले. "मन्हा जीव त्या पिंपले बांधेल व्हता का?"

बाईंनी लग्न केलं नाही. शाळेत आल्या आणि राहिल्या. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत लोणखेड्याची विमल, आमचीच विद्यार्थिनी, मुंबईला कॉलेजात गेली आणि दिवाळीच्या सुटीत धावतच बाईंकडे आली. त्याच शर्यतीसाठी तिची निवड झाली होती. तिला होडी शिकायची होती.

दोघींनी प्रकाशाला सराव मांडला. होडी नावाड्याची जुनी. शीड म्हणून मिरच्या वाळत घालायचं जाड कापड आणलं. ते कितीही धुतलं तरी वारा भरला की होडीतली सगळी माणसं शिंकत. मलाही बोलावणं आलं. मला वाटलं, चित्रं काढायला. बाई म्हणाल्या, "सर, तुम्ही मध्ये बसा. तुमचं वजन उपयोगी आहे." मला पोहता येत नाही, हे मी सांगितलं. "म्हणजे हलणार नाही तुम्ही. उत्तम."

पिंपाच्या जागी नदीत एक बांबू ठोकून त्यावर तांबडं मडकं पालथं घातलं होतं. आबा काठावर खाट टाकून बसत. शीड कधी ओढायचं, कधी सैल सोडायचं, सगळं बाई काठावरून शिकवीत. फक्त मडक्याशी होडी आली की म्हणत, "वळणं तुझं तू पाहून घे." आणि विमल दर वेळी मडकं उजवीकडे ठेवूनच वळायची. आमच्या शाळेची मुलगी ती. अंगणातल्या निंबालासुद्धा बाईंच्या मागोमाग सुलटीच फिरलेली.

"बाई, हात आपोआप तिकडंच जाई ऱ्हायना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मी बी बाद व्हसू का?"

बाईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पाहिला. आपली खोड पोरीच्या हातात उतरली, हे त्यांना त्या घटकेला कळलं. त्या उठल्या, कासोटा मारला आणि होडीत येऊन सुकाणू धरलं. मी अर्थातच मध्ये.

वारा चांगला होता. मडकं जवळ आलं आणि बाईंचा हात थांबला. त्यांनी मान वळवून काठाकडे पाहिलं. आबा खाटेवरून उठून उभे राहिले होते.

"फिराव वं बेटी, फिराव!" म्हातारा पाण्याच्या वरून ओरडला. "मी आठेच शे, तुन्हा समोर!"

बाईंनी सुकाणू दाबलं. मडकं डाव्या हाताकडून सरकत मागे गेलं. काहीही झालं नाही. बाईंच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. मिरची, त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी विमलला सांजेपर्यंत उलटं फिरवलं.

विमल शर्यतीत तिसरी आली. पण बाद झाली नाही, एवढं बाई शाळाभर सांगत सुटल्या. टेबलाला त्यांचा वळसा होता तसाच राहिला. मी भुवया उंचावल्या, तर म्हणाल्या, "ते पोरीसाठी होतं."

तीनेक वर्षांनी बाईंनाच विषमज्वर झाला. त्या उठल्या नाहीत.

प्रकाशाच्या घाटावर आम्ही शाळेतले सगळे मास्तर होतो. भाऊ नाही, मूल नाही. मडकं आबांनीच खांद्यावर घेतलं. वाकलेला म्हातारा चितेपाशी आला आणि तिला उजव्या हाताला ठेवून चालू लागला.

"आबा, उलटं," अंत्यविधी सांगणारे गुरुजी हळूच म्हणाले. "इकडून."

"माले म्हाईत शे." आबा थांबले, पण वळले नाहीत. "एक फेरी मन्ही बेटीनी. मंग तुम्हन्या तीन."

गुरुजी बाजूला सरले. नकळत आम्ही चौघेही वाटेतून पाय मागे घेऊन उभे राहिलो. आबांनी लेकीला उजव्या हाताला ठेवून एक अख्खी फेरी घातली. मग खांद्यावरचं मडकं सावरलं, आणि उलटे वळले.