काचेचं छत

शेजारच्या आबांना काहीही सुचवा, ते विचारणार, "काय गरज शे?" धुळ्याच्या शोरूममध्ये नवी गाडी ठरवतानाही तेच. मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा, भारी सीटकव्हर, सगळ्याला नाही. सेल्समनने काचेच्या छताचं नाव काढलं तेव्हा मात्र ते म्हणाले, "दाखव बरं."

"आबा, आपल्याकडच्या उन्हात भाजून निघाल," मी म्हणालो.

त्यांनी चपला काढल्या, दाखवायला ठेवलेल्या गाडीत मागच्या सीटवर आडवे झाले आणि बराच वेळ काचेतून वर बघत राहिले. सेल्समन हसला.

"हे पाहिजे," उठता उठता ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच बोलले, "तुझ्या काकूला दवाखान्यात आडवं टाकूनच न्यावं लागतं. नाशिकपर्यंत नुसतं छत बघते बिचारी. घरी बी तेच."