'मी'चं अनेकवचन

जगातल्या सगळ्या क्रांत्या उपाशी माणसांनी केल्या असतील. हिंदी मुलखातल्या, तात्यापाऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाची क्रांती मात्र माझ्या चहाच्या तलफेने झाली. भर सभेत मी चहावाल्याला हात केला, तो ठरावाच्या बाजूने मोजला गेला, आणि माझे थोरले मेहुणे एका मताने अध्यक्ष झाले. त्याच ठरावाने मंडळाची मागची खोली 'संघर्ष कार्यालय' झाली. त्या खोलीत माझी बायको दर रविवारी, मराठी समजूनही हिंदीत उत्तरं देणाऱ्या मंडळातल्या पोरांना मराठी बोलायला शिकवत असे.

मेहुणे बीरगांवच्या एका कारखान्यात कामगार पुढारी होते. ते निवृत्त झाले, भाषण निवृत्त झालं नाही. 'मी' हा शब्द तर त्यांनी जन्मात वापरला नसावा. भूक लागली की "जनता उपाशी आहे!" अशी घोषणा होते आणि वहिनी निमूट पोहे भिजवतात. सदर बाजारात स्कूटर उलट्या बाजूने घातली, तर मागे बसलेल्या, जीव मुठीत धरलेल्या मला म्हणाले, "रस्ते शोषकांनी आखले, जावईबापू!" आमच्या डब्यातला शेवटचा अनारसा उचलताना म्हणाले, "आम्ही खाऊन नाही राहिलो, साठेबाजी मोडून राहिलो." जुने अध्यक्ष खुर्ची सोडत नाहीत, हा त्यांचा मुख्य आरोप होता. यांची मुदत संपल्यावर मी भीत भीत विषय काढला, तर म्हणाले, "हे खुर्ची नाही, पहारा आहे. पहारा सोडून कोणी जाते काय?" दुपारी कार्यालयात चिंतन चाले, ते रस्त्यापर्यंत ऐकू येई. घोरणं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

वर्ग आमच्या पत्र्याच्या ओसरीत आला. उकाड्याने पोरं गळू लागली, आणि बायको माझ्याशी भाजीपुरतं बोलू लागली.

एका रविवारी मेहुणे नातीला न्यायला आले. बायको विचारत होती, "'मी'चं अनेकवचन कोण सांगते?"

त्यांची नात ताडकन उठली. "जनता!"

पोरं खिदळली. मेहुणे दारातच थबकले. मग खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांनी बहिणीच्या हातावर ठेवली.

"घे तुझी खोली. जनता चुकली."

ते गेल्यावर मी पोट धरून हसलो. बायको किल्लीकडे बघत होती.

"हसता काहून? लहानपणी बाबांची कपबशी माह्या हातून फुटली होती. दादानं मले मागं ढकललं, 'आम्ही फोडली' म्हणाला, अन् मार एकट्यानं खाल्ला."